टेबलाखालची माणसं: ‘एलियन’मधल्या एका प्रसंगाचा प्रकरण अभ्यास

रिडली स्कॉट दिग्दर्शित ‘एलियन’ (१९७९) मधला जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग बहुतेकांच्या लक्षात राहतो तो रक्तामुळे. त्यात अंतराळयानावरच्या केन या माणसाच्या छातीतून एक प्राणी फुटून बाहेर येतो. पण तो बांधला कसा हे पाहू लागलं की ध्यानात येतं, यातला सगळ्यात दुबळा घटक म्हणजे खुद्द तो प्राणी. काठीवर बसवलेलं एक बाहुलं. त्याला वर येता येत होतं, थोडं वळता येत होतं, जबडा उघडता येत होता आणि टेबलावरून सरळ रेषेत सरकता येत होतं. याहून जास्त काही नाही. एवढ्याशा कुवतीच्या बाहुल्याने प्रेक्षक खुर्चीत मागे सरकले, कारण त्याच्या वाटणीचं बरंचसं काम पटकथा, टेबल, शर्ट, नळ्या आणि समोरचे नट यांनी आपसात वाटून घेतलं होतं. ही वाटणी कशी झाली आणि कुठे अडली, ते इथे पाहायचं आहे.

मूळ अडचण लेखनातली

पटकथाकार डॅन ओ’बॅननने आधी ‘डार्क स्टार’ (१९७४) लिहिला होता. त्यात यानावरचा परग्रहवासी म्हणजे रंगवलेला बीच बॉल होता. तो विनोदी चित्रपट होता, त्यामुळे चालून गेलं. पण तसाच प्राणी खरोखर भीतीदायक करायचा ही खुमखुमी त्याच्या मनात राहिली. मध्यंतरी पॅरिसमध्ये एका मोठ्या विज्ञानकथापटाच्या तयारीत तो सामील झाला. तो चित्रपट झालाच नाही, पण तिथे त्याची एच. आर. गिगर, ख्रिस फॉस आणि मोबियस या चित्रकारांशी ओळख झाली. तिघेही पुढे ‘एलियन’साठी काम करताना दिसतात. खिशात पैसे नाहीत अशा अवस्थेत ओ’बॅनन परतला आणि मित्र रोनाल्ड शुसेटच्या घरी राहून नव्या पटकथेला लागला. तिचं सुरुवातीचं नाव होतं ‘स्टार बीस्ट’.

सुरुवातीचा भाग जमला: संदेश येतो, यान उतरतं, पथक बाहेर जातं. गाडी अडली ती पुढच्या टप्प्यावर. प्राणी यानात शिरणार कसा? दार उघडं राहिलं, कुणी नमुना म्हणून उचलून आणला, मालाच्या पेटीतून आला, हे सगळे मार्ग वापरून गुळगुळीत झालेले. शिवाय त्यांत प्राणी बाहेरचाच राहतो. दार लावलं की संपला. तोड शुसेटने सुचवली: प्राण्याने एका माणसाच्या शरीरात बीज सोडायचं आणि त्या माणसाला त्याचे सहकारी स्वतःच्या हातांनी आत आणतील.

निसर्गात याचं उदाहरण तयार आहे. परजीवी गांधीलमाश्या सुरवंटाच्या अंगात अंडी घालतात, अळी त्याला आतून खात वाढते आणि पूर्ण वाढ झाली की बाहेर पडते. ओ’बॅननने हे उदाहरण समोर ठेवलं होतं. त्याला स्वतःला क्रोन्स हा आतड्यांचा आजार होता. पोटात काहीतरी आतून कुरतडतंय ही वेदना त्याच्या ओळखीची होती.

दुसरी शंका प्रेक्षक विचारणारच: अंड्यातून निघून केनच्या तोंडाला चिकटलेला आणि बीज सोडणारा तो फेसहगर कापून का काढत नाहीत? त्याचं उत्तर चित्रपटाचा एक संकल्पचित्रकार रॉन कॉब याने दिलं. प्राण्याचं रक्त आम्ल असावं. कापायला जावं तर रक्त यानाचे मजले भोक पाडत खाली उतरतं. म्हणजे त्याला मारणं हेच यानाच्या जिवावर बेतणारं. हे उत्तर त्या एका दृश्यापुरतं वापरलं असतं तर सोय म्हणून दिसलं असतं. त्याने उरलेल्या चित्रपटातल्या बंदुकीच्या सगळ्या वाटाही बंद केल्या. भयपटाच्या पटकथेत अशी एका दगडात दोन कामं करणारी कल्पना सापडणं विरळा.

जेवणाआधीची दहा-पंधरा मिनिटं

हा प्रसंग वेगळा काढून, फक्त तेवढाच दाखवला तर निम्माच परिणाम होतो. याचं कारण त्याच्या आधीच्या भागात आहे.

फेसहगर केनच्या चेहऱ्यावरून आपणहून सुटतो. मग त्याला शोधण्याचं ताणलेलं दृश्य, त्यात तो यानावरची अधिकारी रिप्ली हिच्या खांद्यावर पडतो, सगळे दचकतात, आणि तो मेलेला निघतो. प्रेक्षकाच्या हिशोबात धोक्याचं खातं इथे बंद झालं. प्रेत समोर पडलंय, यानाचा विज्ञान अधिकारी ॲश त्याची तपासणी करतोय. यान ग्रहावरून उडतं. केन शुद्धीवर येतो, त्याला भूक लागलेली असते. आता जेवायचं आणि पुन्हा दीर्घ झोपेत जायचं. परतीची तयारी पुरी झाली.

आणि मेसमध्ये, म्हणजे यानाच्या जेवणाच्या कक्षात, उजेड आहे. चित्रपटातल्या भीतीच्या इतर जागा अंधारलेल्या, ओल्या, वाफेने भरलेल्या. हा कक्ष मात्र पांढरा, गादीसारख्या भिंतींचा, स्वच्छ. छायाचित्रणकार डेरेक व्हॅनलिंटने तो लपवाछपवी न करता उजळला आहे. अंधारात बाहुल्याचे दोष झाकता येतात, हा सोपा मार्ग इथे हातचा सोडून दिला आहे. त्याची किंमत पुढे दिसेल. मिळालं ते असं की प्रेक्षक गाफील राहतो, कारण या चित्रपटाने उजेडात त्याला आतापर्यंत काही केलेलं नाही.

बोलणी एकमेकांवर चढतात, अन्नाची थट्टा चालते, यंत्रज्ञ पार्करची टवाळी चालू असते. एक बारीक गोष्ट पहिल्या वेळी निसटते: बाकीचे खाण्यात गुंतलेले असताना ॲश केनकडे पाहतोय. ॲश झालेल्या इयन होमने ही नजर इतकी साधी ठेवली आहे की दुसऱ्यांदा पाहतानाच तिचा अर्थ लागतो: ॲश छुपेपणाने प्राण्याच्या बाजूने आहे. आणि पार्श्वसंगीत नाही. जेरी गोल्डस्मिथचं संगीत चित्रपटात इतरत्र आपलं काम करतं. इथे ताटं-चमचे, माणसांचे आवाज आणि यानाची घरघर एवढंच. संगीत असतं तर त्याने पूर्वसूचना दिली असती.

नटांची निवडही याच कामी आली. जॉन हर्ट हा इंग्लंडमधला नावाजलेला नट. मुळात केनची भूमिका जॉन फिंचकडे होती. चित्रीकरण सुरू होताच तो आजारी पडला आणि हर्टला आणलं. रिप्ली झालेल्या सिगर्नी वीव्हरला तेव्हा पडद्यावर फारसं कुणी ओळखत नव्हतं. कप्तान टॉम स्केरिट, म्हणजे नायक तोच असणार असा अंदाज. कोण आधी जाणार हे ओळखीच्या चेहऱ्यांवरून ठरवण्याची प्रेक्षकाची सवय इथे उपयोगी पडत नाही.

बाहुलं

गिगरने चेस्टबर्स्टरची, म्हणजे छाती फोडून येणाऱ्या पिल्लाची, जी पहिली रेखाटनं केली त्यांतून बनलेला नमुना पिसं उपटलेल्या कोंबडीसारखा दिसत होता. प्रौढ प्राण्याच्या आकृतीत गिगरचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण तीच शैली हाताएवढ्या पिल्लात उतरवली की विचित्र गंमत वाटू लागते. काम बाहुली घडवणाऱ्या रॉजर डिकनकडे आलं. फेसहगरही त्याचाच. स्कॉटने संदर्भ म्हणून फ्रान्सिस बेकनचं १९४४ चं तीन भागांतलं चित्र दाखवलं, ज्याचं नाव क्रूसारोहणाच्या पायथ्याशी असलेल्या आकृत्यांवरून आहे. त्यातल्या आकृतीला डोळे जवळजवळ नाहीत. लांब मान आणि तिच्या टोकाला दात दाखवणारं तोंड.

हा निर्णय अगदी व्यवहारी आहे. बाहुल्याचे डोळे हा सगळ्यात लवकर फसणारा भाग. ते ओले दिसावे लागतात, मिटावे लागतात, नजर एकाच जागी रोखलेली राहून चालत नाही. डोळेच काढून टाकले की ती सगळी यंत्रणा वाचते आणि उलट फायदा होतो: हा प्राणी कुणाकडे पाहतोय हे कळत नाही. उरलेलं लक्ष दातांवर आणि लांबट शरीरावर. आतून जोर करून बाहेर येणाऱ्या गोष्टीला तोच आकार शोभतो.

टेबलाची रचना

चित्रीकरण १९७८ साली इंग्लंडमधल्या शेपर्टन स्टुडिओत झालं. प्रसंगाचे दोन भाग आहेत आणि त्यांत जॉन हर्टचं शरीर दोन वेगळ्या जागी आहे.

पहिल्या भागात तो स्वतः: घास अडकल्यासारखा खोकतो, टेबलावर कोसळतो, झटके देतो, बाकीचे त्याला दाबून धरतात, त्याच्या दातांत चमचा घालायला बघतात. फीट आल्यावर लोक जे करतात तेच. इथपर्यंत कोणतीही कलाकुसर नाही, फक्त नट. दिसायला किरकोळ वाटणारा हा तुकडा पुढच्या फसवणुकीचा पाया आहे, कारण टेबलावर पडलेलं ते शरीर खरं आहे हे प्रेक्षकाने पुरेसा वेळ पाहिलेलं असतं.

दुसऱ्या भागासाठी टेबलाला भोक. हर्ट टेबलाखाली, त्याचं डोकं आणि हात तेवढे वर. मान आणि खांद्यांपासून खाली कृत्रिम धड, त्यावर तोच पांढरा शर्ट. धडाच्या पोकळीत खाटिकाकडून आणलेले प्राण्यांचे अवयव आणि आतडी भरली. नकली रक्ताच्या नळ्या पंपांना जोडल्या, शिवाय रक्त उडवण्यासाठी लहान स्फोटक तुकडे बसवले. धडाखाली बाहुलं काठीवर धरून बसलेला माणूस. यांत्रिक बाजू निक ॲल्डरच्या तुकडीकडे होती. ब्रायन जॉन्सन आणि त्याचं नाव पुढे विशेष दृश्य परिणामांच्या ऑस्करमध्ये गिगर, कार्लो रांबाल्दी आणि डेनिस आयलिंग यांच्यासोबत आहे.

खरे अवयव का वापरायचे? फोम-लॅटेक्सचे, म्हणजे फेसाळ रबराचे, अवयव कोरडे दिसतात, आणि वर कितीही जेल चोपडलं तरी एकमेकांवरून खऱ्यासारखे घसरत नाहीत. भर उजेडात, जवळून कॅमेरा लावायचा तर खऱ्या आतड्याची चमक आणि लिबलिबीतपणा फुकटात मिळतो. पण त्याची मुदत असते. दिव्यांच्या उष्णतेत मांस तासाभरात वास मारू लागतं. सेटवरच्या नटांना हा वास चांगलाच जाणवला, आणि तोही त्यांच्या चेहऱ्यांवर उतरला असणार.

रक्ताचा दाटपणा ही अशा कामातली नेहमीची डोकेदुखी. जखमेवर ओघळायचं रक्त साखरेच्या पाकासारखं घट्ट लागतं. तेच नळीतून दाबाने उडवायला गेलं की गाठी मारत पडतं. पातळ केलं तर फवारा छान उडतो पण कापडावर पाण्यासारखं पसरतं आणि रंग फिका पडतो. नळीत हवा राहिली की फवारा सलग न येता फुसफुसत येतो, म्हणून शॉटआधी प्रत्येक नळी भरून, हवा काढून, तोंड बंद करून ठेवावी लागते. इतक्या नळ्या, स्फोटकं आणि पांढऱ्या भिंती. एकदा उडालं की सगळा कक्ष धुवायचा, धड पुन्हा भरायचं, सगळ्यांचे कपडे बदलायचे. म्हणून अनेक कॅमेरे एकाच वेळी लावून हा क्षण टिपायचा असं ठरलं. कॅमेऱ्यांवर प्लास्टिक आणि तंत्रज्ञांच्या अंगावर रेनकोट.

मांडणीला तास लागले. तोवर नटांना सेटबाहेर, वरच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. हर्ट मात्र खाली, टेबलात अडकलेला.

शर्ट

आता जे बिघडलं ते. बाहुलं वर ढकललं आणि शर्ट फाटलाच नाही.

कारण सरळ आहे. टी-शर्टचं कापड विणीचं असतं, ताणलं की लांबतं आणि जोर सगळीकडे वाटून टाकतं. बाहुल्याचं डोकं बोथट, वरच्या टोकाला धार नाही, आणि खालून ढकलणाऱ्या माणसाला पुरता रेटा द्यायला जागा नाही. कापड तंबूसारखं वर आलं, एवढंच. उपाय म्हणून शर्टला ब्लेडने चिरे दिले आणि फाटण्याची जागा आधीच ठरवून टाकली.

असा शॉट करणाऱ्याने इथे थांबून विचार करावा. चिरा फार खोल गेली तर कापड आधीच उघडं पडतं आणि कॅमेऱ्याला सरळ कापलेली कड दिसते. उथळ राहिली तर फाटत नाही. आतल्या बाजूने, काही धागे शिल्लक ठेवून, एकाच रेषेत न देता वेड्यावाकड्या तुटक चिरा द्याव्यात. कापड आधी रक्ताने भिजू द्यावं, म्हणजे कडा लपतात. पडद्यावर क्रम तसाच आहे: आधी एक झटका आणि छातीवर लाल डाग. सगळे दचकून मागे होतात. क्षणभर काहीच घडत नाही. मग दुसरा झटका, आणि फुटतं.

हा मधला क्षण मला या प्रसंगातला सर्वोत्तम तुकडा वाटतो. डाग दिसल्यावर कुणीही ओरडत नाही, कारण काय झालंय हे कुणाच्याच डोक्यात शिरलेलं नाही. टेरी रॉलिंग्जने संकलनात तो थांबा जपला. अर्ध्या सेकंदाने कापला असता तर उरला असता निव्वळ दचका.

नटांना काय माहीत होतं

याभोवती एक दंतकथा फिरते की नटांना काहीच सांगितलं नव्हतं. ते खरं नाही. पटकथा त्यांनी वाचली होती, केनच्या छातीतून प्राणी बाहेर येणार हे माहीत होतं, बाहुलंही पाहिलं होतं. माहीत नव्हतं ते रक्त: किती, कोणत्या दिशेने, किती जोराने. एक धार सरळ लॅम्बर्टची भूमिका करणाऱ्या व्हेरोनिका कार्टराइटच्या तोंडावर आली. ती भेदरून मागे कोलमडली. पडद्यावर लॅम्बर्टची जी किंकाळी आहे ती या धक्क्याची.

या बारकाव्याला महत्त्व आहे. नटांना प्रसंगाचा आराखडा माहीत असल्यामुळेच ते भूमिकेत राहिले: पार्कर झालेला याफेट कोटो पार्करसारखाच वागतो, होम ॲशसारखाच थंड राहतो आणि सुरी घेऊन पुढे आलेल्या पार्करला अडवतो. काहीच माहीत नसतं तर कुणी कॅमेऱ्याकडे पाहिलं असतं, कुणी हसलं असतं, कुणी ‘कट’ म्हणालं असतं. सगळं माहीत असतं तर अभिनय मिळाला असता. त्यांना नेमकी एकच गोष्ट कळू दिली नव्हती.

तरीही ही पद्धत जशीच्या तशी उचलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दाबाखालचं द्रव डोळ्यात गेलं, निसरड्या जमिनीवर कुणी टेबलाच्या कडेवर पडलं, तर मिळालेल्या शॉटचं काय करायचं? तोच परिणाम सांगूनही मिळवता येतो. फवारा येणार, चेहऱ्याच्या खाली येणार, स्फोटकं अमुक जागी आहेत, एवढं सगळ्यांना सांगावं. फक्त नेमका क्षण सांगू नये. आकडे मोजून इशारा देण्याऐवजी नळीवरच्या माणसाला दिग्दर्शकाने परस्पर खूण करावी. शरीर दचकतं ते वेळ न कळल्यामुळे. धोका न कळण्याची त्यासाठी गरज नाही.

टेबलावरची धाव

प्राणी बाहेर येतो, वळून पाहतो, चिरकतो आणि ताटं उडवत टेबलाच्या टोकाकडे निघून जातो. त्यासाठी टेबलाच्या लांबीत फट कापली होती आणि खालून काठी त्या फटीतून ओढली. शेपटीतून हवेची नळी घातली होती. तिच्या दाबाने शेपटी वळवळते.

उजेडाची किंमत इथे मोजावी लागली. पूर्ण प्रसंगात फक्त याच शॉटमध्ये बाहुलं बाहुलं दिसतं. सरळ रेषेत, एकाच वेगाने, शरीर न वाकता सरकणारी वस्तू डोळ्याला लगेच यांत्रिक वाटते. जिवंत प्राणी सुरुवातीला वेग घेतो, अडखळतो, अडथळा चुकवतो. फट सरळ असल्याने वळण शक्य नव्हतं. हालचाल थोडी खरी वाटते ती शेपटीमुळे, कारण तिला काठीचा वेग ठाऊक नाही. ती आपल्याच लयीत फिरते. शॉट थोडक्यात आवरला आहे आणि पाठोपाठ चेहरे येतात: रक्ताने माखलेले, न बोलणारे. जे दिसलं ते खरं होतं का हा प्रश्न प्रेक्षकाने विचारण्याआधी पडद्यावरच्या माणसांनी त्याचं उत्तर देऊन टाकलेलं असतं.

पूर्वदर्शनाच्या खेळांत काही प्रेक्षक या प्रसंगी उठून मागच्या रांगांकडे गेल्याचं चित्रपटाच्या लोकांनी पाहिलं. चित्रपट २५ मे १९७९ रोजी अमेरिकेत लागला.

पुढच्या तासाला काय मिळालं

अशा प्रसंगाची नक्कल करणारे बहुधा रक्त वाढवतात आणि प्राणी जास्त वेळ दाखवतात. इथे त्या धावेनंतर पिल्लू पुन्हा दिसतच नाही. सापडते ती त्याने टाकलेली कात, आणि लगेच यानावरच्या ब्रेटसमोर उभा राहतो तो माणसाहून उंच प्राणी. मधली वाढ कुठेच दाखवलेली नाही. इतक्या थोड्या वेळात, काही न खाता, एवढं वजन आलं कुठून, हा जीवशास्त्राच्या दृष्टीने रास्त आक्षेप आहे आणि चित्रपट त्याचं उत्तर देत नाही. प्रेक्षक तो तिथेच विचारत नाही, कारण टेबलावर त्याने एक गोष्ट शिकलेली असते: या प्राण्याचं पुढचं रूप आधीच्या रूपावरून ताडता येत नाही. अंडं, हाताच्या बोटांसारखा फेसहगर, अळीसारखं पिल्लू, आणि मग हे.

प्रौढ प्राण्याच्या पोशाखात बोलाजी बादेजो हा दोन मीटरहून उंच तरुण होता, आणि डोक्याची हालचाल रांबाल्दीच्या यंत्रणेची. तिथेही स्कॉटने वाटणीचा हाच हिशेब ठेवला. पूर्ण आकृती फार क्वचित दिसते. दिसतात ते जबड्याचे, लाळेचे, हाताचे तुकडे, साखळ्या आणि नळ्यांमध्ये मिसळलेले. त्या वेळी अंधार वापरायला हरकत नव्हती. पोशाखातला माणूस उजेडात उभा केला असता तर पोशाखातला माणूसच दिसला असता, आणि त्याला झाकायला तिथे ना टेबल होतं ना खाली बसलेली माणसं.